मडगार्डवरचा निळा रंग

आयुधपूजा, १९९४. संध्याकाळ.

अप्पांना उडवणाऱ्या व्हॅनचा निळा रंग त्यांच्या सायकलच्या मडगार्डला लागला होता. भरपाईच्या दाव्यात तोच पुरावा. वकील म्हणाले होते, सायकलला हात लावू नका. आईला मी हे सांगितलंच नव्हतं का?

बाजारातून आलो तर सायकल लख्ख, हँडलला चंदन-कुंकू. निळा रंग गेलेला.

"आयुधपूजेला सायकल धुवायची नाही?" आई म्हणाली. "सकाळी एक भला माणूस अप्पांना बघायला आला होता. त्यानंच रॉकेलनं घासून दिली."

रॉकेलनं. निळा रंगच काढायला आला होता तो. आणखी काय विचारलं त्यानं?

"अपघात कुणी पाहिला, म्हणून. मी कोपऱ्यावरच्या फुलवालीचं नाव सांगितलं."

येताना तिची जागा रिकामी होती. आयुधपूजेला फुलवाली बसली नाही, असं कधी झालंय?