कॅमेरा ज्याचा, कपाट त्याचे

कटाक्.

शाळेत कवितेच्या तासाला गुरुजी टेबलावर वृत्त वाजवून दाखवत. लघु आला की बोटाची टिचकी, गुरू आला की डस्टरचा दणका. त्याच वर्षी वर्गाचा गट-फोटो काढायला एक गृहस्थ आले, काळ्या कापडाखाली शिरले आणि त्यांच्या पेटीतून हा आवाज आला. ‘क’ लघु, ‘टाक्’ गुरू. बाकीची पोरे डोळे मिटले की उघडे राहिले यावरून भांडत होती. मी गण पाडत बसलो होतो. पुढचे सगळे आयुष्य त्या एका आवाजामागे गेले.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. नसतील करत. मृत्यू माझा, पत्र माझे.

तर मी, व्यवसायाने फोटोग्राफर, राहणार स्टुडिओच्या वरचा मजला, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे, हात तेवढा कापतो, आणि हे लिहायला मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. डॉक्टरांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय ढग पातळ आहेत, उजेड मऊ पडलाय, आज पोर्ट्रेटला बरा दिवस आहे, हेही सांगितले. “पुरे,” डॉक्टर म्हणाले, “शुद्धीत आहात. जरा जास्तच आहात.”

१. घर. वरचा मजला आणि खालचा स्टुडिओ थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना समसमान. बँकेत जे असेल तेही तसेच. यात वाद घालण्यासारखे काही नाही, म्हणून दोघेही घालतील.

स्टुडिओमागच्या डार्करूमबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. डॉक्टरांनी फोटो धुण्याच्या रसायनांचा वास बंद केल्यापासून ती खोली ओस आहे. थोरल्याने ती भाड्याने द्यायचे ठरवले. फोनवर म्हणाला, “बाबा, खिडकी नसलेली खोली कोण घेणार वाटलं होतं, पण मिळालाय कुणीतरी. एक तारखेला येतील. तोवर ते निगेटिव्हचं कपाट काढून टाकू, हं?” मी “हं” म्हणालो. ते ऐकू आले या अर्थाचे “हं” होते. त्याने ते संमतीचे धरले. त्या “हं”चा होकार होत नाही, असे मी या दस्तऐवजाद्वारे जाहीर करतो.

(आत्ता उठून कपाटाला कुलूप आहे ना ते बघून आलो. आहे. वकीलसाहेबांनी पेनचे टोपण लावले होते, ते पुन्हा काढले.)

२. स्टुडिओचा कोट. काळा, एकच. फोटोपुरता गिऱ्हाइकांना घालायला द्यायचो. जाड्याला पुढून उघडा ठेवायचा, बारक्याला पाठीमागे कपड्याचे चिमटे लावायचे. अर्ध्या शहराची लग्ने या कोटावर जमली. तो शेजारच्या शिंप्याने शिवला, म्हणून त्यालाच जावा. वर्षानुवर्षे त्याने गिऱ्हाइकांच्या विजारी माझ्या खिडकीसमोर वाळत घालून माझा उजेड अडवला, तरीही जावा.

येथे वकीलसाहेबांनी हात वर केला. शिंपी साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे.

“मग माझ्या बायकोच्या नावे लिहा,” शिंपी म्हणाला.

“तेही चालत नाही.”

“म्हणजे सही केली तर कोट गेला?”

“गेला.”

“अहो, मग मला आधी विचारायचं तरी!”

कोट खुंटीवरून काढून आत्ताच त्याच्या हातात दिला आहे. सबब तो माझ्या मालमत्तेत उरलेला नाही. हे कलम रद्द. शिंपी अस्तर तपासतो आहे आणि कुणी उसवलं म्हणून मलाच विचारतो आहे.

३. कवितांची पाठ्यपुस्तके, पहिल्या इयत्तेपासूनची, नातीला. पेन्सिलीने पाडलेले गण खोडू नयेत. ती म्हणते, “आजोबा, तुम्हाला सगळं पाठ कसं?” पाठ आहे ते खरे. अर्थ आता कुठे कळू लागलेत, आणि ते जरा भलत्याच वेळी कळतायत.

४. जुने फिल्मचे कॅमेरे, तिवई, दिवे, कापायची सुरी. ज्याला हवे त्याने न्यावे. माझा जीव त्यात नाही. लोकांना वाटते असेल. नाही.

५. आता नवा कॅमेरा.

हा धाकटीने पाठवला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला. या वयात आरसा नसलेली वस्तू हाती आली ते एका परीने बरेच झाले. पहिले काही आठवडे मात्र आमचे जमेना. फोटो काढला की माझा उजवा अंगठा आपोआप फिल्म पुढे सरकवायची कळ शोधायचा. कळ नाही, फिल्मही नाही, अंगठा हवेत फिरून परत. गिऱ्हाइकांना वाटायचे मला झटका आला.

त्याहून मोठी पंचाईत आवाजाची. हा कॅमेरा मुका होऊ शकतो, आणि मी कुठेतरी भलते बटण दाबून तो मुका करून ठेवलेला. सेवानिवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. मी फोटो काढत होतो आणि त्या श्वास कोंडून बसलेल्या. चेहरा लाल झाला तेव्हा पुटपुटल्या, “कधी काढणार?”

“केव्हाच काढले, बाई.”

“अहो, मग सांगायचं नाही का! जीव जायची वेळ आली.”

बरोबर होते त्यांचे. माणूस कटाक् ऐकेपर्यंत फोटोचा असतो, ऐकल्यावर स्वतःचा होतो. चांगला फोटो मी नेहमी आवाजानंतर घेत आलो. म्हणून पुढच्या गिऱ्हाइकापासून मी तोंडाने “कटाक्” म्हणू लागलो. एक आजी चिडल्या. “तोंडानं काय आवाज काढताय? फोटो काढा!” पण चिडताना त्यांचा चेहरा असा खुलला, की तेवढ्यात काढून घेतला. मग धाकटीने फोनवरून एकेक बटण सांगत आवाज चालू करून दिला. बारीक आहे, लघुच म्हणायचा. पण आहे.

तक्रारी इथे संपल्या. मी या कॅमेऱ्यावर प्रेम करतो, हे नोंदवून ठेवावे. माझा हात कापतो, याचा नाही. माझी नजर गिऱ्हाइकाचा डोळा शोधेपर्यंत हा पडद्यावर चौकोन टाकून तो डोळा धरून बसलेला असतो.

६. कपाट. यासाठीच हे सगळे लिहायला घेतले. इतका वेळ इकडचे तिकडचे लिहीत होतो, कारण इथे आलो की बसवत नाही.

(पुन्हा उठलो होतो. पाणी प्यायलो. डॉक्टर नाडीकडे बघतायत, त्यांना बघू दे.)

मागच्या पावसाळ्यानंतर मी नव्या कॅमेऱ्याने जुन्या निगेटिव्ह टिपायला सुरुवात केली. दुधी काचेवर निगेटिव्ह, खाली दिवा, वरून कॅमेरा, जवळचे टिपणारे भिंग. मग संगणकावर काळ्याचे पांढरे करायचे. एका कारकुनाचा फोटो होता, नोकरीच्या अर्जासाठी काढलेला. डोळे तीक्ष्ण आलेत का ते बघावे म्हणून मोठा केला, अजून मोठा केला. बुबुळात खिडकीचा उजेड, आणि उजेडाशेजारी कुणीतरी उभे. दोन्ही हात वर करून पांढरी चादर धरलेले.

ती माझी पत्नी होती.

चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला उजेड परतवायला ती चादर धरून उभी राहायची. रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला. “हात भरून आले हो, काढा लवकर,” म्हणायची आणि गिऱ्हाईक हसायचे. चादर खाली करून समोर बसायला मात्र तिला कधी वेळच नसायचा. ती गेली तेव्हा घरात लावायला तिचा धड फोटो सापडला नव्हता, म्हणून मुलांनी ओळखपत्रावरचा लावला. तो ती नव्हेच.

आणि ती इथे आहे. एका नवरीच्या डोळ्यात आहे, एका पोलिसाच्या आहे. रडणाऱ्या बाळाच्या डोळ्यात पाण्यामुळे जरा हलली आहे. कुठे तरुण, कुठे अंबाडा पिकलेला. फिल्मवर ती सगळा काळ होती, पण माझ्या जुन्या भिंगातून मला दिसली नाही. या नव्या यंत्राने दाखवली. आता मी रोज सकाळी तिला शोधायला बसतो, कपाट संपत नाही, आणि मी संपेन की काय या धास्तीने दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठतो.

थोरला म्हणतो, “बाबा, निवडक ठेवा. बाकी सगळे परके लोक आहेत.” त्या परक्यांच्या डोळ्यांत तुझी आई उभी आहे रे. निवडू कसे? हे मी त्याला फोनवर सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो. धाकटीने विचारले, “कपाट माझ्या दोन खोल्यांत मावणार कुठे, बाबा? आम्ही झोपायचं कुठे?” तेही खरेच.

म्हणून माझी इच्छा अशी: कॅमेरा ज्याचा, कपाट त्याचे. दोन्ही वेगळे करू नयेत. जो कोणी नवा कॅमेरा घेईल त्याने एकूण एक निगेटिव्ह जपावी, टिपावी, आणि डोळे मोठे करून पाहावेत. मुलांपैकी कोणी तयार नसेल तर...

इथे वकीलसाहेब म्हणाले, “काका, ‘तर’ पुढे नाव लागतं. ठिपक्यांना कायदा ओळखत नाही.”

“नाव सुचत नाही.”

“मग एक तारखेला कपाट भंगारात जाईल. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.”

शिंपी कोट घालून बघत होता, तो थांबला. म्हणाला, “माझ्याकडे ठेवलं असतं, पण मी तर साक्षीदार.”

तूर्त ठिपके तसेच ठेवले आहेत.

हे मृत्युपत्र मी माझ्या अकलेने लिहिले, वाचले, मला समजले. आधीचे कोणतेही नाही, पुढचे लिहायला सवड मिळेलसे वाटत नाही.

स्थळ: स्टुडिओ, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: वकीलसाहेब घालतील.
लिहून ठेवणार: फोटोग्राफर (सही बाकी)
साक्षीदार: १) डॉक्टर (सही बाकी) २) शेजारचा शिंपी, कोटासह (सही बाकी)

सह्या का बाकी, तेही लिहितो. मी पेन टेकवणार तोच दार वाजले. शिंप्याने उघडले. दारात परिचारिकेच्या गणवेशातली एक बाई, कामावरून थेट आलेली. आमच्या ओळखीची नाही. एका हातात मोजायची टेप, गळ्यात फिल्मचा जुना कॅमेरा, आणि गणवेशाच्या खिशातून न धुतलेल्या रोलांची टोके वर आलेली.

“मी नवी भाडेकरू. एक तारखेच्या आधीच आले, सॉरी. राहवलं नाही,” ती म्हणाली. मग आत डार्करूमकडे मान लांब करून, काळजीने विचारले, “काका, त्या खोलीला खिडकी नाही ना नक्की?”