कड्यावरचं एकुलतं एक

३ मार्च
सापडलं! साठ वर्षं कुणाच्या नजरेस न पडलेलं, जगात फक्त याच बेटावर उगवणारं झुडूप – समुद्राकडच्या कड्यावर, हातभर उंच, एकच! दोरीला लोंबकळत तिथेच रडले. वरून नावाडी ओरडला, “मॅडम, रडायचं ते वर येऊन रडा, हात भरून आलेत माझे!”

५ मार्च
कड्यावरच्या पठारावर एकही रोप दिसलं नाही. भरतीची वेळ गाठायची होती, घाईघाईत पाहिलं. पण कारण उघड आहे – शेळ्या. बेटावर घर एकच, नावाड्याच्या मावशीचं. म्हातारी, एकटी, अकरा शेळ्या.

२२ मार्च
बेटावरून शेळ्या हलवाव्यात, अशा अहवालावर सही केली. साहेब म्हणाले, “तुम्हीच सांगा जाऊन.” गेले. आजींनी आधी चहा दिला – शेळीच्या दुधाचा. मग सगळं ऐकून घेतलं.
“झाडाला तोंड नाही म्हणून तुम्ही बोलताय. माझ्या शेळ्यांच्या वतीनं कोण बोलणार?”
अर्धा कप तसाच ठेवून उठले.

११ एप्रिल
शेळ्या नावेतून पलीकडच्या किनाऱ्यावर नेल्या. माणसांना दाद देत नव्हत्या. शेवटी आजीच नावेत उभ्या राहिल्या आणि एकेकीला नावानं हाक मारली. आल्या मुकाट! परत येऊन त्यांनी रिकामा गोठा झाडायला घेतला. “मी झाडू का?” विचारलं.
“राहू दे बाई.”

२ जून
कड्यावरच्या झुडपाची नऊ कलमं लावली होती; त्यातली आठ काळी पडली. नववंही मान टाकतंय. घरी आल्यावर नवऱ्यावर उगाच डाफरले.

२८ जुलै
नावाडी ऑफिसच्या दारात उभा. “मावशी गेली.”
“आजारी होत्या?” मी विचारलं.
“छे. उठायचं कुणासाठी, म्हणायची. एक दिवस उठलीच नाही.”
खुर्ची पुढे केली. बसला नाही.

१४ सप्टेंबर
बेटावर गेले. पठारावर कमरेएवढं गवत! चाचपत गेले तर बुडाशी तीच झुडपं – एकोणीस. वर्षानुवर्षं चरली जाऊन बोटभरच राहिलेली, म्हणून मार्चमध्ये ओळखलीच नाहीत मी. शेळ्या शेंडे खायच्या, पण गवतही खायच्या. गवतानं गुदमरून आता एकोणीसही वाळलीत.
“काही आहे का, मॅडम?” नावाड्यानं विचारलं.
“गवतच आहे सगळं,” म्हणाले.