एकतीस जणांची एकच आई

बाई, तुम्हाला देवाघरी जाऊन बारा वर्षं झाली. आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण जे झालं ते सांगायला दुसरं कोणी सुचत नाही. मी आता बोईसरच्या कॉलेजात तुमचाच विषय शिकवते, धर्मांचा अभ्यास. गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते. दहा मार्कांचा एक प्रश्न मीच काढला होता: प्रार्थना म्हणजे काय, ते तुमच्या घरातलं उदाहरण देऊन लिहा. पहिल्या चार पेपरांना आठ-आठ मार्क देऊन मी मोकळी झाले. पाचव्यावर पेन थांबलं. 'माझी आई मुरब्याची, मच्छीमारांच्या गावातली. वडिलांची बोट किनाऱ्याला लागेपर्यंत ती केस विंचरत नसे. तीच तिची प्रार्थना.' मी मागचे चार पुन्हा काढले. तेच. पुढचे उलटत गेले. तेच. एकतीस पेपर, एकतीस जणांची एकच आई. कारखान्यांजवळ सरावलीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा एक मुलगा आहे, त्याचे वडील केमिकल कंपनीत, घरी सगळे हिंदी बोलतात. त्यानेही वडिलांना बोटीवर पाठवलं होतं. ती आई तुमची होती, बाई.

पालघरच्या वर्गात तुम्ही माझा पेपर परत केलात तो दिवस आठवतो. "हे मी पुस्तकात वाचलंय. तुझ्या घरचं सांग," म्हणालात. मग खिडकीशी जाऊन तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत, एकदाच, अगदी कोरड्या आवाजात. मी ते वहीत उतरवलं. नोकरी लागल्यावर तीच वही समोर धरून नोट्स सांगत आले, 'माझी आई मुरब्याची' हेही तसंच्या तसं, तुमचा उल्लेख न करता. माझी आई केळव्याची, सुपारीच्या वाडीतली. बोटीशी तिचा कधी संबंध आला नाही. मुलांनी ऐकलं ते लिहिलं. खोटं मी शिकवलं होतं.

गठ्ठ्यात बत्तिसावा पेपर मात्र असा होता की त्यात या प्रश्नाची जागा कोरी. डोंगरातल्या पाड्यावरून येणाऱ्या मुलीचा. मी सवयीने शून्य घातलं आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं.

"का लिहिलं नाहीस?"

"माजी आय मुरब्याची नाय, मॅडम."

"मग तुझ्या आईचं लिहायचंस."

ती गोंधळली. "आमी नवा भात झोडला का आय पयली मूठ देवाला ठेवते. तवर कोणी तोंडात घालत नाय, भूक असली तरी. पण ते घरचं हाय. ते धर्मात येतं?"

हे तिने अगदी सरळपणे विचारलं. दोन वर्षं ही मुलगी माझ्यासमोर बसते आहे, आणि आपल्या घरचा देव पेपरात लिहायचा नसतो, एवढंच माझ्याकडून शिकली आहे. तिच्या आईपेक्षा जास्त मला प्रार्थनेतलं काय कळतं?

मी सगळ्यांचे मार्क खोडले. वर्गात उभं राहून सांगितलं की ती आई माझी नाही, माझ्या बाईंची आहे, आणि चूक माझी. तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला. अर्धीमुर्धी पानं आली, शुद्धलेखनाची दैना. सरावलीच्या मुलाने लिहिलं होतं: कंपनीकडून मोठा आवाज आला की आई हातातलं टाकून दारात जाते आणि वडिलांचा फोन लागेपर्यंत आत येत नाही. मी ते वाचून पेपर बाजूला ठेवला.

एक गोष्ट मात्र वर्गात सांगितली नाही. तास संपता संपता ती पाड्यावरची मुलगी म्हणाली, "त्या बायना एकदा बोलवा ना आमच्या वर्गात." सगळ्यांनी माना वर केल्या. आणि मी म्हणाले, "विचारून बघते."