सोन्यावरचे रेणू

५ फेब्रुवारी, धुळे

पाटीवर पेन्सिल ओढल्याचा किर्र आवाज — आज पहाटे पुन्हा कानात. साक्रीची शाळा, चौथीचा वर्ग, चाळीस पाट्या एकदम! तेव्हा अंगावर शहारा यायचा. आता त्या आवाजासाठी जीव तुटतो.

नातीला, मेघाला, फोनवर सांगितलं. हसली. जळगावला एम.एस्सी. करून ती पुण्यात संशोधनाला गेली, त्याला पाच वर्षं झाली. तिचं यंत्र म्हणे असंच — अगदी टोकाला एकच अणू असलेली सुई सोन्याच्या पत्र्यावरून फिरते, पण टेकत नाही. न टेकता खालचे रेणू चाचपते. एकेक रेणू म्हणजे एकेक चुंबक. न टेकता चाचपणं! नात माझीच.

१२ फेब्रुवारी

मेघाचा आवाज बसलेला. तिच्या सरांचा पेपर छापून आलाय, तिचंही नाव आहे त्यात — सोन्यावर बसवूनही रेणूंचं चुंबकत्व टिकतं, असा. आणि आता तिला दिसतंय की सोन्यावर पोचेपर्यंत बरेच रेणू तुटले होते. मोजले गेले ते तुकडे.

"नाना, कोणाला बोलू नका. आधी पुन्हा मोजते, मग मीच सरांना सांगते."

१४ फेब्रुवारी

चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो — गणित चुकलं तर लपवू नका, पाटी घेऊन गुरुजींकडे या. पोरीला धीर होत नसेल. तिच्या सरांना मीच पत्र लिहिलं. चार पानं, वळणदार अक्षरात. शेवटी स्वतःच्या कवितेच्या चार ओळीही. पोस्टात टाकून आलो. हलकं वाटलं.

२३ फेब्रुवारी

मेघाचा फोन. सरांनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं. माझ्या ओळीसुद्धा. लोक हसले. मला न सांगता घरी सांगतेस, म्हणाले, आणि यंत्रावरची तिची पाळी काढून घेतली.

"मी चौथीत नाही, नाना." शेवटी एवढंच बोलली. फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

सून दिपमाला, मेघाची आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "पोस्टात जाण्याआधी तिच्या आईला तरी विचारायचं होतं." मान खाली घालून जेवलो.

४ मार्च

माझा फोन उचलत नाही. आईशी दोन मिनिटं बोलते — लॅबमध्ये आहे, कामात आहे. माझं नाव निघालं की रेंज जाते.

११ मार्च

बागेत माझा जुना विद्यार्थी वना भेटला. "बठ्ठं चांगलं व्हई, गुरुजी." सगळं चांगलं होईल म्हणे! मी हसलो नुसता. घरी येऊन जुन्या कविता म्हणायला बसलो. दुसऱ्याच ओळीला अडलो. आयुष्यभर पाठ होत्या! पोरीची पाच वर्षं चार पानांत घालवली मी.

१२ मार्च

काही नाही.

१८ मार्च

दुपारी बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ, घामाघूम. नाव सांगितलं तेव्हा कळलं — मेघाचे सर! पुन्हा मोजून पाहिलं, म्हणाले, तिचंच खरं होतं. पेपर मागे घेतलाय. तिची माफी मागायला आलोय. ती तीन आठवडे लॅबला आली नाही, फोनही घेत नाही.

"गुरुजी, तिला जरा बाहेर बोलवता?"

दिपमाला आतून हात पुसत आली. "मेघा तर तुमच्याकडेच आहे ना?"