शेवटची सात पानं

आणि हो आई, भुताची गोष्ट अडखळत वाचली की जास्त चढते, हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. अंधेरीच्या ऑफिसात सगळे मला विचारतात, मुद्दाम घाबरून घेण्यात कसली मजा येते तुला? मी इंग्लिशमध्ये ढीगभर हॉरर वाचलंय, तेही फास्ट, तरी त्यांना धड सांगता येत नाही. मग आपलं बोरिवलीचं किचन आठवतं. रविवारची सकाळ, तू बांगडे साफ करतेयस, हात खराब, म्हणून लायब्ररीचं पुस्तक माझ्याकडे. मी इंग्लिश मीडियमवाली, एकेक जोडाक्षर फोडत वाचतेय. एका बाईच्या दाराआड कोणीतरी उभं आहे, आणि मी नेमकी तिथेच अडकलेय. सॉरी म्हटलं, तर तू सुरी थांबवून म्हणालीस, "घाई करू नको गो. तू अडखळतंस तवसर तो दाराआड उभो रवता." आणि हात पुढे केलास. मनगटाला खवले चिकटलेले आणि त्याच्या वर काटा आलेला. भर उन्हात, कुकरची शिट्टी चालू असताना, नुसत्या काळ्या अक्षरांनी! मला आजही ही जादूच वाटते यार.

मी नववीत होते तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतीस, आणि तेच पुस्तक अर्धवट राहिलेलं. मी ते काढलं तर मावशी चिडली. देवाचं काहीतरी वाच, इथे भुतं कसली आणतेस म्हणाली. तू डोळे मिटूनच बोललीस, "रिपोर्टची भीती बंद करूक गावना नाय. पुस्तक बंद करूक गावता." मी रोज थोडं थोडं वाचत गेले, तशीच अडखळत, आणि तू रोज हात दाखवायचीस, सलाइनची पट्टी लावलेला.

शेवटची सात पानं उरली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून आधीच पुढे बघितलं. ती बाई वाचत नाही आई. ती स्वतःच दार उघडते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. मला ते तुला वाचून दाखवता येईना. मी पुस्तकात डोळे घालून मनातलंच सांगितलं, की दाराआड कोणी नव्हतंच, मग तिने चहा टाकला. तू हात दाखवला नाहीस. माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "बरां वाचलंस."

ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे, परत केलंच नाही. पण एक सांग, मी त्या दिवशी एकदाही अडखळले नाही, तेव्हाच तुला कळलं होतं ना?