सुंठवडा

१० नोव्हेंबर
आज आले. अनिमेषने टेम्पोतून माझी पेटी, शिलाई मशीन आणि तुळशीची कुंडी उतरवली. जाताना म्हणाला, मावशी, इथे नळाला दिवसभर पाणी आहे, आता तू दिव्याला आमच्या घरी कशाला फिरकतेस. खरंच आहे. त्याच्या घरात माणसांपेक्षा बादल्यांनाच जास्त जागा लागायची.

घोडबंदर रोडच्या टॉवरांमागे, खाडीच्या बाजूला हा वृद्धाश्रम. मी देखरेखीला, राहायची खोली धरून. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी मला काम सांगितलं. आश्रम चालवणारी ऋजुता तरुण आहे, बोलणं लोण्यासारखं. म्हणाली, सरोजताई, साठी उलटलेलं कुणी असलं की आजी-आजोबांना आपलं वाटतं.

संध्याकाळी आरती झाली. प्रसादाला सुंठवडा. ऋजुता तो घरून स्वतः करून आणते. वाटायचं काम आजपासून माझं. सगळ्यांचे तळहात पुढे आले तेव्हा उगाच भरून आलं. उरलेली चिमूट मी घेतली. सुंठ जरा कडू होती.

१४ नोव्हेंबर
इथे कुणी कुणाशी भांडत नाही. टीव्हीचा रिमोट दिवसभर टेबलावर पडून असतो. बाळकाका म्हणून बँकेतले निवृत्त मॅनेजर आहेत. ते म्हणाले, आमच्यात वाद होत नाहीत, कारण वाक्य संपेपर्यंत विषय राहत नाही. बोलताना त्यांची जीभ जड होते. रविवारी मुलं-सुना येतात, आई किती शांत झाली म्हणतात आणि समाधानाने जातात.

इथल्या जेवणाने मला पित्त होतं. खोलीतच मऊ भात करून घेते.

१९ नोव्हेंबर
आज भागीरथीबाई आल्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यापासून रडतात, ओरडतात, म्हणून मुलगा भावेश सोडून गेला. पहिल्याच जेवणाला त्यांनी स्वयंपाक्याला ऐकवलं, की ह्या वरणानं मिठाचं तोंड बी नाय बगलं. मी तोंडाला पदर लावून हसले. कित्येक दिवसांनी इथे कुणीतरी मोठ्याने बोललं.

सुंठवडा मात्र त्या घेईनात. मी म्हटलं, प्रसादाला नाही म्हणू नये. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

२७ नोव्हेंबर
भागीरथीबाईंचा तो मोठा आवाज गेला. दिवसभर व्हरांड्यातून फाटकापर्यंत आणि परत, नुसत्या चालतात. खुर्चीत बसवलं तर टाचा फरशीवर वाजत राहतात. मला म्हणाल्या, पोरी, माजं पाय मना ऐकत नाय. या वयात कुणी पोरी म्हटलं, याचंच मला बरं वाटलं. बाकी काही विचारलं नाही.

बाळकाका न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऋजुता म्हणाली, वय झालं की माणसं पडतातच. त्यांच्या पलंगावर आज नवी चादर आहे. पावसाळ्यातही दोघे पडले होते म्हणे.

४ डिसेंबर
आज भागीरथीबाई जगायचं नाही म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. नवऱ्याचं दुःख वेगळं, त्याला रडता येतं, म्हणाल्या. हे तसलं नाय, आत कोनतरी घाई करतंय.

मी ऋजुताला सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. संध्याकाळी भागीरथीबाईंसाठी सुंठवड्याची वेगळी पुडी दिली, त्यांना जरा जास्त द्या म्हणाली. मी दिला.

मशीनच्या सुईत दोरा जात नाही हल्ली. चष्मा बदलायला हवा.

९ डिसेंबर
भागीरथीबाई पायरीवरून पडल्या. मनगट मोडलं. ठाण्याला घेऊन गेले. प्लास्टर घालताना डॉक्टर मुलीने विचारलं, मनाच्या आजाराची कुठली गोळी चालू आहे. मी म्हटलं, कुठलीच नाही. ती भागीरथीबाईंच्या पायांकडे बघत राहिली. म्हणाली, ही तगमग औषधाची असू शकते. म्हातारपणी अशी औषधं बेताने आणि नजरेखाली द्यायची असतात. नाहीतर माणसं पडतात. काहींना तर अंगातूनच निघून जावंसं वाटायला लागतं, आणि तो विचार आपलाच आहे असं वाटतं. औषध ओळखलं तर यातून बाहेर काढता येतं. काय पोटात जातंय ते घेऊन या, पण यांना एकटं सोडू नका.

मग तिने मला विचारलं, तुमचा हात कधीपासून थरथरतोय.

रिक्षात आठवत बसले. त्यांचं जेवण आश्रमातलं. माझं माझ्या हातचं. दोघींच्या पोटात जाणारी गोष्ट एकच—

१० डिसेंबर
ऋजुताला विचारलं. रागावली नाही. सुंठवड्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. म्हणाली, डॉक्टरांनी ती गोळी दोघा-तिघांना लिहून दिली होती, सगळ्यांनाच मानवली. गोळी म्हटलं की थुंकतात, प्रसाद कुणी थुंकत नाही. मग माझा हात हातात घेतला. वाटला कुणी, सरोजताई? तुमच्या हातचा म्हणून तर घेतात.

सगळे तळहात डोळ्यांसमोर येतात. भागीरथीबाईंचा एक—

११ डिसेंबर
अनिमेषला फोन केला. गाडी घेऊन ये, दोघींना ठाण्याला त्याच डॉक्टरकडे ने, पोलिसांनाही सांगायचंय. निघालाय. घोडबंदरला अडकलाय. गाड्या हलत नाहीत म्हणतो.

भागीरथीबाईंना माझ्या खोलीत आणलंय. कडी लावली. त्यांना जाऊ द्यायचं नाही. एवढंच.

खाली आरती सुरू झाली—

सकाळपासून मलाही. दुःख नाही कसलंच. नुसती घाई. कुणाची ते कळत नाही. बसून लिहिता येत नाही, चालत लिहिते. हे औषध आहे. मी नाही. हे औषध—

टाळ्या थांबल्या. जिन्यावर पावलं. ऋजुता हाक मारतेय, मऊ आवाजात. प्रसाद राहिला म्हणते.

अनिमेष म्हणतो, मावशी, फोन ठेवू नकोस—

कडी मी लावली होती. आता निघालेली आहे. भागीरथीबाई खाटेवरच आहेत. त्या उठल्याच नाहीत. मला विचारतात, पोरी, तू कुठं निगालीस—

मी दारात आहे. वही हातात. पाय—

त्यांनी माझा पदर धरलाय. दुसरा हात प्लास्टरमध्ये. ओढत नाहीत. नुसता धरून, आणि त्यांच्या टाचा वाजतायत, माझ्याही, आणि ऋजुताचा हात दारातून आत, वाटीसकट, आणि त्या मला म्हणतात सोडनार नाय—