मध्यराष्ट्राच्या साकव पक्षाची निवडणूक

रवि. ६ एप्रिल २००३

बबनदादाला शिरवळच्या कंपनीत नोकरी लागली. आजच्या सभेत साकव पक्षाचं प्रमुखपद सोडलं त्यानं. राज्यघटनेची दोनशे पानी वही पारावर ठेवली आणि म्हणाला, "आता तुमचं तुमी बघा. नवा प्रमुख निवडा. पण भांडू नका." शेवटचं माझ्याकडं बघून.

मी उभा राहणार. ठरलं.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून वाडीत माझं नाव निघालं की लोक आधी हसतात. घरी आमचे आण्णा तर नावानं हाकसुद्धा मारत नाहीत. "अहो कॉलेजकुमार, म्हशीला पाणी दावा." पक्षप्रमुख झालो की बघतील सगळे. बालवाडी चालवणारी मंगल पण बघेल.

मंगळ. ८

कापूरहोळ. गॅरेजात इकबालचाचांना सांगितलं. हातात पाना तसाच, हसतच राहिले. "राष्ट्र? कुठलं राष्ट्र, बाबा?"

समजावलं. वाडीच्या मधून ओढा. अलीकडची घरं भोर तालुक्यात, पलीकडची वेल्ह्यात. वाडी एक, ग्रामपंचायती दोन. बबनदादानं तीन वर्षांमागं शिमग्याला जाहीर करून टाकलं की आपण यांचेही नाही, त्यांचेही नाही, आपलं वेगळं मध्यराष्ट्र. आधी थट्टाच होती. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पलीकडची पोरं चार महिने शाळेला येत नाहीत, ती काही थट्टा नाही. म्हणून आपल्याच हातानं लाकडी साकव बांधायचा असा पक्ष निघाला. विरोधात एसटी पक्ष. पाच म्हातारे. आधी एसटी येऊ दे, मग पूल, हे त्यांचं धोरण.

चाचा : "सैन्य किती तुमचं?"

"सैन्य नाही."

"मग ते पंक्चर काढ."

शुक्र. ११

डोकं फुटायची वेळ.

अर्जाला सूचक लागतो. मंगलला विचारायचं ठरवलं होतं. उमेदवार आणि सूचक यांच्या सह्या वहीत शेजारी शेजारी येतात, घटनेतच तसं आहे. (त्यांचं आडनाव वेगळं, कूळ वेगळं. सोयरीक चालते. चौकशी करून ठेवलीय.)

ती पलीकडं बालवाडीत पोरांची नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "सूचक कशाला? मीच उभी राहतेय."

"माझ्याविरुद्ध?"

"पक्षासाठी. तुझा काय भरवसा? डोकं फिरलं की पक्ष फाडून मोकळा होशील. परीक्षेचा फॉर्म फाडला होतास तसा."

फॉर्म माझा होता. मी माझा फाडला.

सायकल ओढ्यात फेकली. मग उतरून काढली. चेन पडली ती बसेना. चालत घरी. पाणी जरा उतरलं की तीच पलीकडच्या पोरांना पाठुंगळी घेऊन ओढ्यातनं शाळेला आणते, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. तिच्यासमोर मी मतं काय म्हणून मागू

सोम. १४

प्रचार. अलीकडची अकरा घरं झाली. चहा नऊ.

आईला म्हटलं, तुझं मत तर माझंच. म्हणाली, "मंगलला देणार मी. तू कधी माझं ऐकतोस?"

मं. ओढ्यावर भेटली. ती तिच्या प्रचाराला अलीकडं येत होती, मी पलीकडं चाललेलो. एका धोंड्यावर दोघं समोरासमोर. कुणी आधी सरकायचं? मी सरकलो. चप्पल भिजली. हसली. दिवस चांगला गेला.

रवि. २०

मतदान. कसं लिहू.

घटनेत आहे : एक माणूस, एक दाणा. मी तांदूळ घेतला होता चिन्ह म्हणून, तिनं नाचणी. पारावर आडोशाला दोन सुपं, मध्ये मडकं. आवडेल तो दाणा उचलायचा, मडक्यात टाकायचा. सोपं.

पहिल्या शेवंताकाकी गेल्या. आतून खळ्ळ आवाज.

बबनदादा : "काकी, काय टाकलं?"

"मूठभर टाकलं."

"एकच दाणा टाकायचा हुता!"

"एक दाणा?" काकी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या. "दारात आलेल्याला तरी कुणी एक दाणा घालतं का रं? आपलीच पोरं उभी ऱ्हायलीत. आन् मी चिमटीनं देऊ? लाज न्हाई वाटायची?"

मागच्या रांगेनं ऐकलं. मग काय. एक दाणा टाकून कंजूष कोण ठरणार? प्रत्येकानं मूठ. वाडीतल्या पैलवानाची मूठ तर केवढी! दुपारपर्यंत मडकं काठोकाठ.

आता मोजायचं कसं? घटनेप्रमाणं दाणे मोजले तर नाचणी मोहरीएवढी, एका मुठीत हजारांनी. मं. एकटी अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढ्या मतांनी निवडून येते. मी म्हटलं, दाणे नको, मापानं मोजा. एसटी पक्षाचे म्हातारे कट्ट्यावरनं ओरडले, "बारीक धान्य घ्यायचं तुला आधी सुचलं न्हाई व्हय रं?" सगळा पार हसला. मं. पण हसली.

ती हसली नसती तर

मडकं उचललं आणि पारावरनं उपडं केलं. मतं सगळीकडं. कोंबड्या धावत आल्या. कुणी हाकलल्यासुद्धा नाहीत. सगळे माझ्याकडं बघत होते.

सोम. २१

कामावर गेलो नाही. गोठ्यात बसून राहिलो. आण्णा चारा टाकायला आले. "सरकार कोंबड्यांच्या पोटात घातलंस. आता अंडी कुणाची निघतात ते बघायचं." एवढंच. मारलं असतं तर बरं.

बबनदादानं निरोप धाडलाय की माझी उमेदवारी रद्द करायची का ते पक्ष ठरवणार.

गुरु. २४

पलीकडं गेलो. आधी शेवंताकाकींकडं, सुपं त्यांचीच होती. पाया पडलो. म्हणाल्या, "मत दे, नाय तर नको देऊ. पर अन्न भुईवर वतायचं न्हाई. कळलं?" कळलं. तांब्याभर ताक दिलं, प्यायलो.

मग बालवाडी. मं. गोधड्या घडी घालत होती. मी म्हटलं, चुकलो. नुसतं तेवढंच म्हटलं, पुढचं पाठ केलेलं आठवलंच नाही.

"कोंबड्या आमच्याच होत्या," ती म्हणाली. "म्हंजे सगळी मतं आमच्याच घरी आली."

"मग झालीस प्रमुख."

"कोंबड्यांच्या जिवावर? मला नको. फेरमतदान घ्या म्हणून सांगितलंय मी बबनदादाला."

"मला उभं राहू देतील?"

"तो उभा नसला तर मीपण नाही, असंबी सांगितलंय." गोधडी माझ्या हातात दिली. "दुसरं टोक धर."

धरलं. सहा गोधड्या झाल्या. सातवी नव्हती.

मंगळ. २९

सभा. मला माफ. नव्या मतदानाची पद्धत मीच सुचवली : ओढ्यातला एक दगड प्रत्येकानं आणायचा. माझा ढीग वडाखाली, मं.चा उंबराखाली. दगड मुठीत मावत नाही आणि कोंबडी खात नाही. टाळ्या पडल्या! आण्णा मागं उभे होते. टाळी नाही वाजवली, पण निघूनही गेले नाहीत.

चाचा म्हणाले, जिंकलास तर रविवारची सुट्टी कायमची. हरलास तर? "तरी पण. सासर पलीकडंच आहे ना तुझं?" या माणसाला कुणी सांगितलं

रवि. ४ मे

मतदान सकाळी सातला सुरू. साडेनऊपर्यंत आटपलं. लोकांनी असे दगड आणले, निवडून, घासून. शेवंताकाकींनी दोन आणले, एकेका ढिगावर एकेक. बबनदादानं कपाळाला हात लावला. आई खरंच उंबराकडं गेली. आण्णा कुठं गेले ते मी मुद्दाम बघितलं नाही.

मोजणी चहानंतर. तेवढ्यात मं.चे वडील तात्या, गवंडी, ओढ्यात साकवाचा पाया लावत होते, ते खालनं ओरडले, "दगड द्या रं! ऊन चढायच्या आत एक थर बसूं द्या!" माणसं उठली, रांग लागली. रिकाम्या हातानं बसायची सवय कुणाला आहे? मीपण रांगेत. माझ्यापुढं मं.

हातोहात दगड चालले. विसावा-पंचविसावा तिच्या हातात देताना माझ्या ध्यानात आलं. वडाखालचा ढीग अर्धा संपलेला. उंबराखालचाही.

ती माझ्याकडं बघत होती. तिला आधीच कळलं असावं.

 मी पुढचा दगड दिला. तिनं घेतला.

दोन्ही ढीग संपल्यावर बबनदादा चहा घेऊन आला आणि किंचाळला. तात्या गुडघाभर खड्ड्यात, वर बघून म्हणाले, "आता काय उकरून काढू का?" थर पक्का बसला होता. माझी मतं, तिची मतं, सगळी एकात एक.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता हा काय उपडं करतोय, असं. मला हसू आलं. खरंच आलं.

"पुढच्या रविवारी परत?" मं.

"मी उभा आहे."

"मीपण."

पाया अलीकडचा झाला. पलीकडचा राहिलाय. पुढच्या वेळी दगड मोजायच्या आत कुणी हलवायचे नाहीत असं कलम घटनेत घालायचं, की नाही घालायचं. तिला विचारलं. म्हणाली, विचार करून सांगते.